रेफरी कोणाच्या बाजूने होता ते नंतर, आधी तो कुठे उभा होता ते बघा

तुम्ही विचारलंय की एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, एवढा पैसा, एवढे कॅमेरे, कोर्टवर तीन-तीन रेफरी असूनही निर्णय इतके वाईट का असतात, आणि मोठ्या संघांना व स्टार खेळाडूंना मुद्दाम झुकतं माप दिलं जातं का. उदाहरण म्हणून तुम्ही २८ जानेवारी २०२३ चा बॉस्टनमधला लेकर्स-सेल्टिक्स सामना दिलाय आणि शेवटी लिहिलंय, 'रेफरी विकलेलाच असणार.'

हे शेवटचं वाक्य डेक्कन जिमखान्याच्या कोर्टापासून बालेवाडीपर्यंत रोज कानावर पडतं. पुण्यात शिट्टी घेऊन उभं राहणाऱ्या कोणालाही ते झोंबतं, मलाही झोंबतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तोच सामना घेऊ. स्कोअर १०५-१०५, चौथ्या क्वार्टरचे शेवटचे काही सेकंद. लेकर्सचा लेब्रॉन जेम्स आत घुसतो, डाव्या हाताने ले-अप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) टाकतो, सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर पडतो, चेंडू बाहेर. शिट्टी नाही. लेकर्सचाच पॅट्रिक बेव्हर्ली बेसलाइनवरच्या (बास्केटमागच्या रेषेवरच्या) फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊन रेफरीला फोटो दाखवायला जातो आणि टेक्निकल फाऊल (वर्तनाबद्दलचा फाऊल) ओढवून घेतो, त्यामुळे ओव्हरटाइमची सुरुवातच सेल्टिक्सच्या फ्री थ्रोने होते. सेल्टिक्स १२५-१२१ ने जिंकतात. सामन्यानंतर क्रू चीफने, म्हणजे मुख्य रेफरीने, सांगितलं की कॉन्टॅक्ट झाला होता आणि तो आमच्याकडून सुटला. रेफरींच्या संघटनेनेही चूक जाहीरपणे मान्य केली.

चूक मोठी होती. पण 'विकलेला' म्हणण्याआधी ही चूक कशी होते ते समजून घ्या. आपण ती पाहिली ती स्लो मोशनमध्ये, बेसलाइनच्या कॅमेऱ्यातून, दहा वेळा. रेफरीला ती एकदाच दिसते, आणि तीही दोन शरीरांमधली फट दिसत असेल तरच. आमच्या कामात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सरळ रेषा. रेफरी, डिफेंडर आणि चेंडूवाला एका रेषेत आले की मधली फट मिटते आणि समोर फक्त एक पाठ उरते. हात हातावर पडला की चेंडूवर, हे पाठीतून दिसत नाही. आवाजावर जाल तर हमखास फसाल, कारण शॉट स्वच्छ अडवताना चेंडूवर बसलेल्या थापेचा आवाज मनगटावर बसलेल्या फटक्यापेक्षा मोठा येतो. शिवाय एनबीएच्या नियमात चेंडूला टेकलेला हात चेंडूचाच भाग धरतात. त्या हातावर मारलं तर फाऊल नाही, मनगटापासून वर मारलं तर फाऊल. हा काही इंचांचा फरक पळत्या माणसाच्या उंचावलेल्या हातावर, एका नजरेत ओळखायचा असतो.

त्यासाठी तीन रेफरी कसे उभे राहतात ते बघा. एनबीएने तिसरा रेफरी १९८८-८९ च्या हंगामापासून कायमचा आणला. एक जण बेसलाइनवर, तो लीड. दुसरा त्याच बाजूच्या साइडलाइनवर मागे, तो ट्रेल. तिसरा समोरच्या साइडलाइनवर, फ्री थ्रो लाइनच्या रेषेत. त्याला एनबीएत स्लॉट म्हणतात, फिबात, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत, सेंटर. चेंडू ज्या बाजूला असेल तिकडे लीड आणि ट्रेल असे दोघे हवेत. चेंडू सेंटरच्या बाजूला गेला की लीड बास्केटच्या मागून बेसलाइन ओलांडून तिकडे जातो, मग जुना सेंटर ट्रेल होतो आणि जुना ट्रेल सेंटर. याला रोटेशन म्हणतात.

सुटलेल्या शिट्ट्यांचा मोठा वाटा या रोटेशनमध्ये असतो. लीड बेसलाइनवरून जात असतो, त्याचं तोंड अर्धं वळलेलं असतं, आणि त्याच क्षणी ड्राईव्ह येतो, म्हणजे कोणीतरी चेंडू घेऊन बास्केटकडे घुसतो. जुनी जागा सुटलेली, नव्या जागेवर पोचलेला नाही, पाय चालू. पाय चालू असताना नजर हलते आणि हललेल्या नजरेला कॉन्टॅक्ट नेहमी असतो त्यापेक्षा मोठा किंवा लहान दिसतो. म्हणून शिकवताना सांगतात की तीन ते सहा मीटरचं अंतर ठेवा आणि निर्णयाच्या क्षणी थांबलेले असा. फार जवळ जाणं हीसुद्धा चूकच आहे. जवळून हात दिसतो, पण पाय आणि धड दिसत नाही. लीड निघाला आणि अर्ध्यात ड्राईव्ह आला, तर रोटेशन सोडून जिथे आहात तिथे थांबा आणि तो प्ले शेवटपर्यंत बघा. रोटेशन नंतर करता येतं.

दुसरी गोष्ट नजरेची. प्रेक्षक चेंडू बघतो. रेफरीने डिफेंडर बघायचा असतो. ब्लॉक की चार्ज, म्हणजे धडकेत फाऊल डिफेंडरचा की चेंडूवाल्याचा, हा सगळ्यात जास्त शिव्या खाणारा निर्णय चेंडूवाल्याकडे बघून देताच येत नाही. डिफेंडरने दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, समोर तोंड करून कायदेशीर जागा घेतली होती का? त्यानंतर तो बाजूला किंवा मागे सरकला तरी चालतं, पुतळ्यासारखं उभं राहायची गरज नाही. 'तो हलत होता, म्हणजे ब्लॉक' हे पुण्यातल्या प्रत्येक बेंचवरून ऐकू येणारं वाक्य साफ चुकीचं आहे. कॉन्टॅक्ट धडावर झाला का? धडावर समोरून झाला तर बहुतेक वेळा चार्ज. डिफेंडरच्या खांद्याच्या कडेला, मांडीला किंवा बाहेर काढलेल्या गुडघ्याला झाला तर ब्लॉक. यातलं काहीही चेंडू कुठे होता यावर ठरत नाही.

इथेच आपल्याकडच्या लोकांचा मोठा घोळ होतो. सकाळी एनबीए बघायची आणि संध्याकाळी फिबाच्या नियमांवर चालणाऱ्या सामन्यात आरडाओरडा करायचा. एनबीएत चार्ज मिळवायचा असेल तर शूटरने वरच्या दिशेने शॉटची हालचाल सुरू करण्याआधी डिफेंडर जागेवर हवा. फिबात खेळाडू हवेत जाण्याआधी तो जागेवर असला की पुरे. म्हणजे तोच प्ले, तेच पाय, पण एनबीएत ब्लॉक आणि बालेवाडीत चार्ज, आणि दोन्ही रेफरी बरोबर. बास्केटखालचा अर्धगोल एनबीएत चार फुटांचा, फिबात सव्वा मीटरचा, हा फरक किरकोळ आहे. पण एनबीएतला डिफेन्सिव्ह थ्री सेकंद (कोणालाही न अडवता डिफेंडर बास्केटसमोरच्या रंगवलेल्या भागात, पेंटमध्ये, तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर दंड) फिबात नाहीच. तिथे सहा फाऊलवर खेळाडू बाहेर, इथे पाचवर. तिथे क्वार्टर १२ मिनिटांचा, इथे १० चा. हे माहीत नसलेला माणूस रेफरीला नियम शिकवायला टेबलापर्यंत येतो तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आता 'कॅमेरे असूनही' या तुमच्या मुद्द्याकडे. एनबीएचं रिप्ले सेंटर न्यू जर्सीत सिकॉकसला आहे, २०१४-१५ पासून. प्रशिक्षकाला आव्हान द्यायची सोय २०१९-२० मध्ये प्रायोगिक म्हणून आली. त्यासाठी टाइमआउट लागतो, आणि पहिलं आव्हान यशस्वी झालं तर २०२३-२४ पासून दुसरं मिळतं. पण आव्हान वाजलेल्या शिट्टीला देता येतं. न वाजलेल्या शिट्टीला नाही. बॉस्टनमध्ये लेकर्सकडे आव्हान शिल्लक असतं तरी त्या फाऊलसाठी उपयोग शून्य होता. २०२४-२५ पासून एवढी सुधारणा झाली की चेंडू कोणाचा म्हणून आव्हान दिलं असेल, तर त्याच्या अगदी लगत सुटलेला फाऊलही बघता येतो. पण सुटलेल्या फाऊलसाठी म्हणून खेळ थांबवता येत नाही, आणि ते योग्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक पझेशनमध्ये कुठेतरी हात लागलेलाच असतो. ते सगळं तपासत बसलो तर ४८ मिनिटांचा सामना कधी संपेल?

रेफरीने हात लागला की नाही एवढंच ठरवायचं नसतं, त्या हाताने काय बिघडलं ते ठरवायचं असतं. खेळाडूची लय, वेग, तोल किंवा चपळाई यातलं काही गेलं का? गेलं तर फाऊल. ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेला बोटं टेकली आणि तो त्याच वेगाने पुढे गेला, तर काही नाही. त्याच बोटांनी त्याची दिशा वळली, तर शिट्टी. म्हणून चांगला रेफरी शिट्टी किंचित उशिरा वाजवतो. प्ले सुरू झाला, फुलला, संपला, मग निर्णय. प्रेक्षकाला वाटतं की बॉल आत गेला नाही म्हणून याने फाऊल दिला. तो थांबला होता परिणाम बघायला.

स्टार खेळाडूंबद्दल अर्धं उत्तर देतो, कारण पूर्ण उत्तर एका परिच्छेदात मावत नाही. जो माणूस सामन्यात वीस वेळा पेंटमध्ये घुसतो त्याला कोपऱ्यातून थ्री मारणाऱ्यापेक्षा जास्त फ्री थ्रो मिळणारच. यात पक्षपात शोधू नका. खरा प्रश्न होता तो डिफेंडरच्या अंगावर उडी मारून फाऊल मागण्याचा. जेम्स हार्डन आणि ट्रे यंग यांनी ही कला इतकी घोटली की २०२१-२२ मध्ये लीगला सांगावं लागलं, शॉटसाठी नैसर्गिक नसलेली हालचाल करून शूटरने स्वतः धडक घेतली तर डिफेंडरवर फाऊल नाही, उलट शूटरवर लागू शकतो. २०२३-२४ पासून फ्लॉपिंगला, म्हणजे धडक लागल्याच्या नाटकाला, सामन्यातच दंड, प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो. म्हणजे फायदा मिळत होता, आणि तो रेफरीच्या खिशातून नव्हे तर नियमाच्या फटीतून. फट बुजवायचं काम नियम करणाऱ्यांचं.

तरी कोणी ना कोणी २००२ काढतोच, तर तेही बोलून घेऊ. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल, सहावा सामना, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध लेकर्स. चौथ्या क्वार्टरमध्ये एकट्या लेकर्सना २७ फ्री थ्रो. किंग्जचे व्लादे डिवाच आणि स्कॉट पोलार्ड फाऊलवर बाहेर. शेवटच्या सेकंदांत लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं, रक्त आलं, ब्रायंटच्या नावावर फाऊल नाही. लेकर्स १०६-१०२ ने जिंकले. ही पंचगिरी वाईट होती आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण २७ या आकड्यावरून निकाल देऊ नका. ते २७ फ्री थ्रो ज्या शिट्ट्यांवरून आले त्यांतली प्रत्येक शिट्टी वेगळी काढून बघा. काही डिवाचने लेकर्सच्या शॅकला (शकील ओनीलला) धरलेले उघड फाऊल आहेत, काही अजिबात नाहीत, आणि बिबीचं नाक तर कुठल्याच कोनातून सुटायला नको होतं. आणखी एक गोष्ट किंग्जचे चाहते सोयीस्कर विसरतात. सातवा सामना त्यांच्याच घरच्या कोर्टवर झाला, ओव्हरटाइममध्ये ११२-१०६ ने गेला, आणि त्यात किंग्जनी ३० पैकी १४ फ्री थ्रो चुकवले. फ्री थ्रो घेताना रेफरी अडवत नाही.

आता तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. एनबीएत एक रेफरी खरोखर बेईमान निघाला. टिम डोनागीने २००७ मध्ये राजीनामा दिला, सट्टेबाजांना माहिती पुरवल्याचा गुन्हा कबूल केला, आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. २००२ चा तो सामना फिरवला गेला असा आरोपही नंतर त्यानेच केला, पण तो सिद्ध झाला नाही. लीगने नेमलेल्या चौकशीत दुसरा कोणी रेफरी अशा प्रकारात सापडला नाही. तेव्हा 'कधीच होत नाही' असं मी म्हणत नाही.

त्याहून जास्त विचार करायला लावणारी गोष्ट न विकलेल्या रेफरींची आहे. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक हंगामांची आकडेवारी तपासून दाखवलं की रेफरींचा वंश खेळाडूपेक्षा वेगळा असला की त्या खेळाडूवर किंचित जास्त फाऊल लागतात. कोणी पैसे दिले नव्हते, कोणी ठरवलं नव्हतं. २००७ मध्ये हे वर्तमानपत्रात गाजलं. लीगने आधी नाकारलं. पण पुढच्या हंगामांची आकडेवारी पाहिली तेव्हा तो फरक दिसेनासा झाला होता. माझ्या दृष्टीने पंचगिरीबद्दल आजवर झालेलं हे सगळ्यात उपयोगी काम आहे. झुकाव असतो, तो नकळत असतो, आणि कोणीतरी नोंद ठेवतंय हे कळलं की तो कमी होऊ शकतो. २०१५ पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते. प्रत्येक प्लेला चारपैकी एक शेरा: बरोबर वाजली, बरोबर वाजली नाही, चुकीची वाजली, वाजायला हवी होती. निकाल बदलत नाही. रेफरींना हा अहवाल आवडत नाही. मला आवडतो. आपल्याकडे एखाद्या तरी स्पर्धेत असं कोणी करेल का?

आणि आता मूळ भांडण. पुण्यातले आयोजक आणि प्रशिक्षक यांच्याशी माझा जुना वाद आहे, तो असा. त्यांच्या मते निःपक्षपाती रेफरी म्हणजे ज्याचे दोन्हीकडचे फाऊल सारखे. हाफ टाइमला प्रशिक्षक टेबलाशी येतो, स्कोअरशीट बघतो आणि म्हणतो, "सर, आमचे सात, त्यांचे दोन, असं कसं?" असं, की तुमचा संघ फुल कोर्ट प्रेस करतोय, म्हणजे कोर्टभर अंगाला भिडून अडवतोय, आणि ते झोनमध्ये, आपापली जागा राखत, उभे आहेत. प्रेसमध्ये हात जास्त लागतात, झोनमध्ये कमी. सात-दोन पूर्ण न्याय्य असू शकतं. त्या दबावाखाली तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांवर दोन हलके फाऊल फुंकणारा रेफरी मात्र खरा अन्यायी. भरपाईची शिट्टी ही माझ्या मते पैसे खाण्याच्या खालोखालची गोष्ट आहे, आणि दुर्दैवाने तिचं कौतुक होतं. 'बॅलन्स केलं सरांनी' म्हणतात. पहिल्या मिनिटाला जो कॉन्टॅक्ट सोडला तोच चाळिसाव्या मिनिटालाही सोडायचा, आणि जो फुंकला तो दोन्ही टोकांना फुंकायचा, माझ्या लेखी समतोल एवढाच.

दुसरा वाद खर्चाचा. ट्रॉफ्या, बॅनर, डीजे, पाहुण्यांचे शाल-नारळ यांना पैसे असतात, तिसऱ्या रेफरीला नसतात. "दोघांत भागवा ना." दोघांत २८ बाय १५ मीटरचं कोर्ट आणि दहा खेळाडू दिसत नाहीत. ट्रेलपासून लांबच्या बाजूला, बास्केटच्या पलीकडे रिबाउंडसाठी जी धक्काबुक्की होते ती दोन रेफरींच्या पद्धतीत कोणाच्याच वाट्याला नीट येत नाही. लीड चेंडूच्या बाजूची पोस्ट (बास्केटजवळची जागा) बघतोय, ट्रेल शूटर बघतोय. तिकडे कोणी कोणाला ढकललं तर ते सुटणार. मग तीच जोडी सकाळपासून एकामागून एक सामने करते. चौथ्या सामन्यात पाय मागे पडतात, फास्ट ब्रेकला लीड बेसलाइनपर्यंत पोचत नाही, मागून पाठ बघून शिट्टी वाजवतो, आणि स्टँडमधून आवाज येतो, 'विकला!'

तुम्हाला खरंच पंचगिरी कळून घ्यायची असेल तर पुढचा सामना बघताना एक क्वार्टर चेंडू सोडा आणि एकाच रेफरीचे पाय बघा. वादग्रस्त प्ले लागला की आवाज बंद करा, धडकेच्या अर्धा सेकंद आधी व्हिडिओ थांबवा, डिफेंडरचं धड आणि पाय बघा, स्वतःचा निर्णय ठरवा, आणि मगच पुढे न्या. कॉमेंट्री ऐकत पाहिलंत तर तुमचा निर्णय कॉमेंटेटरचाच असेल.

आणि तुम्ही स्वतः कुठे स्पर्धा भरवत असाल तर निदान बाद फेरीपासून तीन रेफरी बोलवा, एका रेफरीला सलग दोनपेक्षा जास्त सामने देऊ नका, आणि टेबलावर शॉट क्लॉकसाठी असा माणूस बसवा जो चेंडू रिंगला लागला की नाही हे बघून मगच घड्याळ रीसेट करेल. मोबाईल धरून बेसलाइनला चिकटून उभे राहणारे पालक मागे घ्या. फिबाच्या नियमाप्रमाणे कोर्टच्या चारही बाजूंनी दोन मीटर मोकळे लागतात. ते नसले तर लीडला कोर्टच्या आत पाय टाकून उभं राहावं लागतं, आणि तिथून त्याला पाठीशिवाय काही दिसत नाही.